भुजंगरावांचे मळके इंजिन

मी एक जुने इंजिन आहे. पण घाबरून रुळावरून बाजूला होऊ नका, मित्रांनो. तुमच्या दप्तरात पुस्तकांच्या शेजारी मी सहज मावेन. माझ्यामागे पाच डबे आहेत आणि तेही मालगाडीचेच. प्रवासी डबे मला कधी जोडले गेले नाहीत. त्याचे मला दुःख नाही, कारण माल कधी खिडकीवरून भांडत नाही.

माझा जन्म घनसावंगीला झाला. तिथे रेल्वे नाही, तेव्हाही नव्हती. रेल्वे पाहायची तर जालन्याला जावे लागे. मला घडवणारे भुजंगराव तिथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. त्यांचे सामान आणायला ते जालन्याला जात आणि येताना हमखास शेवटची बस चुकवत, कारण ते स्टेशनवर इंजिने पाहत बसलेले असत. तेव्हा तिथे लहान रुळांवर कोळशाची इंजिने धावत. त्यातलेच एक आपल्या घरी असावे, असे भुजंगरावांना वाटू लागले. लोकांना म्हैस असावी असे वाटते, तसे.

आणि मी घडू लागलो. माझे पोट म्हणजे पितळी बॅटरीची नळी. अंधारात शेतावर जाताना हातात धरतात ती बॅटरी. माझ्या आतली मोटर टेपरेकॉर्डरची. रूळ छत्रीच्या काड्यांचे. चाके मात्र चोरीची होती. भुजंगरावांच्या पत्नी केशरबाई शिवणकाम करत. त्यांच्या मशीनच्या लोखंडी बॉबिनी मधोमध कापून भुजंगरावांनी माझी चाके केली.

"आवं, माझ्या बॉबिनी कुठं गेल्या?" केशरबाईंनी विचारले.

"उंदरानं नेल्या असतील."

"लोखंडाच्या?"

भुजंगरावांनी एका रेडिओत डोके घातले. मी टेबलाखाली, केशरबाईंच्या बॉबिनींवर गप्प उभा होतो.

मी तयार झालो तेव्हा फार देखणा होतो. काळा कुळकुळीत रंग, खाली लाल पट्टा. कोणालाही समाधान वाटले असते. भुजंगरावांना वाटले नाही. "हे खेळणं दिसून राह्यलंय," ते म्हणाले आणि जालन्याला गेले. दिवसभर ते फलाटावर उकिडवे बसून होते. शेवटी एका पोलिसाने त्यांना हटकले.

"काय पाहून राह्यला रे?"

"घाण."

"कशाची घाण?"

"इंजिनाची. कुठं कुठं बसती ते पाहून राह्यलो."

पोलिसाने त्यांना पुढच्या बसमध्ये स्वतः बसवून दिले.

घरी आल्यावर भुजंगरावांनी मला मळवायला घेतले. कंदिलाच्या काचेवरची काजळी बोटाने घेऊन माझ्या पाठीवर फासली. गंजलेले खिळे चिंचेच्या पाण्यात भिजत घालून तो तांबूस रंग माझ्या चाकांजवळ लावला. खऱ्या इंजिनात पाणी उकळून बाहेर येते आणि त्याचे पांढरे ओघळ वाळतात. तसे ओघळ त्यांनी चुन्याने काढले, तेही शिवणाच्या सुईच्या टोकाने. या कामात सबंध श्रावण गेला. दुरुस्तीला आलेले रेडिओ मुके पडून राहिले. पण मी मात्र असा दिसू लागलो, की जणू मी आयुष्यभर मनमाड ते परभणी कोळसा खात पळत आलो आहे.

त्या वर्षी गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब होते. त्यांनी गणपतीभोवती मला पळवायचे ठरवले आणि तालुकाभर सांगून टाकले, "यंदा घनसावंगीत रेल्वे येणार." काही लोकांनी ते खरेच धरले आणि रूळ कोणाच्या शेतातून जाणार म्हणून चौकशा केल्या.

आणि मित्रांनो, नेमकी स्थापनेच्या दिवशी सकाळी ती गोष्ट घडली. भुजंगराव मंडपात रूळ बसवायला गेले होते. केशरबाईंनी मला टेबलावर पाहिले. किती मळलोय मी! संध्याकाळी देवापुढे उभे राहायचे आहे आणि नवऱ्याला गडबडीत पुसायचेही सुचले नाही, असे त्या माउलीला वाटले. त्यांनी मला मोरीत नेले. राख घेतली, चिंच घेतली, काथ्या घेतला. मला ओरडता येत नाही. फार तर शिट्टी वाजवता आली असती, पण ती बसवायची राहिली होती.

काजळी गेली. गंज गेला. ओघळ गेले. केशरबाईंचा हात इतका चांगला, की खालचा काळा रंगही गेला. मी घासलेल्या तांब्यासारखा झळकू लागलो.

भुजंगराव दारात आले आणि उभेच राहिले.

"कसं हाय?" केशरबाईंनी कौतुकाने विचारले.

"काय केलं हे?"

"धुतलं. देवाम्होरं असं मळकं न्यायचं? लोकं म्हणतील, यांच्या घरात राख न्हाई का चिंच न्हाई."

भुजंगराव चिडले असते तर बरे झाले असते. ते आत गेले, चादर डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून झोपले. तेवढ्यात काकासाहेब मला न्यायला आले आणि मला पाहून हरखून गेले.

"वा! काय लखलख करून राह्यलंय! चला भुजंगराव, जल्दी."

"ते इंजिन न्हाई," चादरीतून आवाज आला. "समई हाय. न्या अन् वात लावा."

"आरं पण लोकं गावोगावून जीपा भरून येऊन राह्यलेत!"

"त्यांना सांगा, इंजिन घासून मेलं."

त्या संध्याकाळी गणपतीभोवती नुसते रूळ होते. लोक येत, रुळांकडे पाहत आणि गाडी लेट आहे असे समजून बाजूला बसून वाट पाहत. काकासाहेब त्यांना सारखे "आता येईल" म्हणत होते. अर्ध्या रात्रीपर्यंत एक म्हातारबाबा उठायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशीही तेच. काकासाहेबांचे लोकांत हसे झाले आणि त्यांनी भुजंगरावांच्या दारावरून जाणे सोडून दिले.

पण मला वाईट वाटत होते ते केशरबाईंचे. भुजंगराव त्यांच्याशी एक शब्दही बोलत नव्हते. भाकरी वाढली की खात, ताट सरकवत. तिसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माझ्याच बॉबिनींवर उभा हायस आन् माझाच संसार मोडून राह्यलास." त्यांना बॉबिनींचे सगळे ठाऊक होते. मला फार लाज वाटली.

मग त्या उठल्या. त्यांनी मला उचलले, चुलीपुढे बसल्या आणि तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली. भुजंगराव पाणी प्यायचे निमित्त करून दारात येऊन उभे राहिले. केशरबाईंनी माझ्या पोटावर पहिले बोट फिरवले आणि भुजंगरावांच्याने राहवेना.

"तिथं न्हाई! धूर माघं जातो."

केशरबाईंनी वळून पाहिले नाही. "पळत असंल तर माघं जाईल. उभं असल्यावर?"

"मालगाडी कामून उभी राहील?"

"तुमीच तर सांगत व्हते, तिला दर ठेसनाला उभी करून ठिवतात म्हून."

भुजंगराव विचारात पडले. ते शेजारी बसले. "मंग वर बी लाव थोडं. पण पातळ. आन् हे काय? गंज इतका?"

"नळाखालची बादली पाहा. पाणी जिथं थांबतं तिथं गंज धरतो. तुमचं इंजिन काय बादलीहून निराळं हाय का?"

ते दोघे माझ्यावरून दुपारपर्यंत भांडले. काजळीवरून भांडले, गंजावरून भांडले, चुन्याच्या एका ओघळावरून तर केशरबाईंच्या माहेरापर्यंत गेले. भांडताना एकदा भुजंगरावांच्या नाकाला काजळी लागली आणि केशरबाई इतक्या हसल्या, की मी त्यांच्या मांडीवरून खाली पडता पडता वाचलो. मी सांगतो, घर इतके आनंदी मी त्याआधी पाहिले नव्हते. आणि मी पहिल्यापेक्षाही जास्त मळलो होतो.

त्या संध्याकाळी मी धावलो. भुजंगरावांनी बटण फिरवले, माझ्या डोक्यावरचा दिवा लागला आणि पाच डबे ओढत मी गणपतीला पहिली प्रदक्षिणा घातली. एका डब्यात खऱ्या कापसाच्या गाठी, एकात गूळ, एकात उसाची कांडकी. मंडप टाळ्यांनी भरून गेला. काकासाहेबांनी भुजंगरावांना मिठी मारली. त्यांचा नवा सदरा काळा झाला तरी ते सोडेनात.

पण खरी परीक्षा पुढेच होती. रामकिसन नावाचे निवृत्त इंजिनड्रायव्हर लेकीकडे राहायला आले होते. ते दर्शनाला आले. गर्दीने त्यांना वाट दिली. ते वाकले, चष्मा वर केला, मी समोर थांबल्यावर मला बारकाईने पाहिले आणि एकदम कडक आवाजात म्हणाले, "हिचा फायरमन कोण हाय?"

फायरमन म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा आणि ते पुसून ठेवणारा. भुजंगरावांनी भीत भीत हात वर केला.

"लाज वाटती का न्हाई? इतकं मळकं इंजिन घेऊन लाइनीवर येतो?" असे म्हणून रामकिसन यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि मला पुसायला हात घातला.

"पुसू नका!" भुजंगराव आणि केशरबाई एकाच वेळी ओरडले. इतक्या जोरात, की आरतीसाठी ताट घेऊन उभा असलेला माणूस दचकला आणि त्याच्या हातातली घंटा वाजली. सगळ्यांना वाटले आरती सुरू झाली. लोक उठून टाळ्या वाजवत गाऊ लागले. रामकिसन पंचा हातात धरून भानावर आले. आरती संपेपर्यंत ते माझ्याकडेच पाहत होते.

नंतर ते हळूच म्हणाले, "सारी नोकरी पुसण्यात गेली माझी. हात आपोआप गेला." मग पुन्हा वाकून पाहिले. "घाण बराबर जागेवर बसलीय."

भुजंगरावांना आयुष्यात दुसरे काही बक्षीस मिळाले नाही आणि त्यांनी कधी मागितलेही नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी गणपतीपुढे धावलो. माझ्याभोवती दोरी आली, "हात लावू नये" अशी पाटी आली. मधल्या काळात जालन्याला मोठे, रुंद रूळ आले आणि कोळशाची इंजिने बंद झाली. माझे खरे भाऊबंद कुठे गेले, कोणाला ठाऊक. मग मंडपात मोठाले स्पीकर आले. त्यांच्या आवाजाने मी रुळावरून आपोआप खाली पडू लागलो. शेवटी भुजंगरावांनी मला केशरबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. मी तिथे सुरक्षित होतो. मित्रांनो, सुरक्षित असण्यासारखे कंटाळवाणे दुसरे काही नाही.

त्यांची मुलगी बेबीनंदा शिकून शिक्षिका झाली होती. भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाईला ती शिकवत असे. एकदा ती म्हणाली, "बाबा, इंजिन घेऊन या. माझ्या पोरांनी रेल्वे पाह्यली न्हाई."

"पोरं हात लावतील."

"लावू देणार न्हाई मी."

या अटीवर म्हातारे भुजंगराव मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. शेजारी केशरबाई. कंडक्टरने विचारले, "खोक्यात काय हाय?"

"इंजिन."

"डिझेलचं? पाण्याचं इंजिन गाडीत न्हाई चालत, बाबा. टपावर टाका."

"रेल्वेचं हाय."

कंडक्टरने खोक्यात पाहिले, भुजंगरावांकडे पाहिले. "मंग रेल्वेनं जायचं ना," असे म्हणून तो पुढे गेला.

शाळेत रूळ मांडले. मुले भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून बसली. भुजंगरावांनी ऐटीत बटण फिरवले. मी हललो नाही. लोडशेडिंग! वीज कधी येणार, कोणालाच माहीत नव्हते. भुजंगराव बटण धरून बसले. मुले माझ्याकडे पाहत बसली. मी मुलांकडे. असा बराच वेळ गेला.

मग पुढच्या रांगेतली एक मुलगी सरकत सरकत आली आणि तिने एका बोटाने मला ढकलले. "कूऽऽ," ती अगदी हळू म्हणाली.

भुजंगराव उठायला गेले. केशरबाईंनी त्यांचे मनगट धरले. "राहू द्या."

त्यानंतर काय झाले ते सांगायला मला अजून दम लागतो. सगळी शाळा माझ्याभोवती कोंडाळे करून बसली. कोणी डब्यात खडू भरले, कोणी चिंचोके, कोणी एक जिवंत बेडूक भरला आणि तो पुढच्याच स्टेशनावर उतरला. मी दप्तरांच्या डोंगरातून गेलो, पाटीच्या पुलावरून गेलो. माझ्या पाठीवर गुळाची बोटे उमटली. भुजंगराव आता रडणार असे मला वाटले. पण ते गुडघे टेकून खाली बसले आणि म्हणाले, "आरं, असं ढकलू नका. आधी सिग्नल पाहा. सिग्नल कोण हाय?"

एक पोरगा हात वर करून सिग्नल झाला.

तेवढ्यात वीज आली. वर्गातला दिवा लागला. भुजंगरावांनी बटणाकडे हात नेला, तशी मुले ओरडली, "आजोबा, थांबा! आमचा माल उतरायचाय!"

भुजंगरावांनी वायर गुंडाळून खिशात घातली. जाताना त्यांनी रिकामे खोके काखेत मारले आणि मला तिथेच ठेवले.

आता मी वर्गाच्या खिडकीत राहतो. माझी मोटर केव्हाच जळाली आहे, पण मधल्या सुट्टीत मी कधी उभा नसतो. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणीतरी कापडात गुंडाळलेले पडून असेल. त्याला बाहेर काढा, अधूनमधून चाकांना तेलाचा थेंब द्या आणि खुशाल खेळा. फक्त एक विनंती आहे. मला उचलायचे असेल तर पोटाखाली हात घालून उचला. धुराड्याला धरून उचलू नका, गुदगुल्या होतात.