कोकरं सोडायची वेळ

बानाबाईनं पदराला हात पुसले आणि मगच लेकीनं पुढं केलेली काचेची ताटली धरली. ताटलीला झाकण होतं, तरी तिनं तोंड जरा लांबच ठेवलं. रविवार असल्यानं शहरातल्या छावणीजवळच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायलेकींशिवाय कुणी नव्हतं. ताटलीत खरवसासारखं काहीतरी थिजलं होतं आणि त्यावर मोहरीएवढे थोडेसे ठिपके उठले होते.

“रामच्या पायात हेच व्हते?”

“त्याच जातीचे,” दिपाली म्हणाली. “त्याच्या पायातले नाय.”

दिपालीचा भाऊ राम जाऊन दिवाळीला वर्ष झालं होतं. बाभळीचा काटा नडगीत रुतून मोडला आणि हाडात पू झाला. गोळ्यांनी पोरगा बरा झाला, मेंढरांमागं पळायलाही लागला, अन् पुढं पाय पुन्हा सुजला. त्या खेपेला विष रक्तात भिनलं. डॉक्टर म्हणाले होते, तपासणीत तर जंतू या औषधानं मरतायत, म्हणजे मधल्या गोळ्या द्यायच्या राहिल्या असणार. ते बोलून मोकळे झाले. मुंजाबानं मात्र ते शब्द मनाशी धरून ठेवले, कारण पोराला गोळ्या द्यायचं काम बानाबाईचं होतं. तेव्हापासून तो बायकोच्या हातचं पाणी घेत नव्हता. तिच्यादेखत घागर कलती करून स्वतःच प्यायचा.

दिपाली याच जंतूंवर संशोधन करत होती. आईला आज तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“हे सगळे एकाच्याच पोटचे, माय. एकाचे लाखो झाले. रूप, रक्त, सगळं एक. त्यांच्यावर औषध घातलं, तर एवढे सोडून सगळे मेले.”

“हे तगडे असतील.”

“मलाबी आधी तसंच वाटलं. म्हणून ह्यांची पिल्लं वाढवून त्यांच्यावर तेच औषध घातलं. तीबी मेली. पुन्हा थोडी राहिलीच.”

“मंग हे कामून वाचले?”

“झोपले व्हते. हे औषध खात्या, वाढत्या जंतूला मारतं. झोपलेल्याचं काय बिघडत नाय. औषध सरलं की तो उठतो अन् पुन्हा त्याची पोरंबाळं व्हतात.”

बानाबाईनं ताटली उजेडाकडं धरली. “मेंढरांला जंताचं औषध पाजताना एखादी झुडपामागं बसून राहती, तसं.”

“तसंच.”

“कोणती बसंल, ते आधी कळतं?”

“नाय. कोणतीबी बसंल. म्हणून सांगते, गोळ्या येळच्या येळी देऊनबी असं व्हतं कधी कधी.”

बानाबाई स्टुलावर बसली.

“मी कोकरं सोडायच्या येळी द्यायचे गं गोळी,” ती म्हणाली. “इसरू कशी?”

मेंढ्या चरायला गेल्या की लहान कोकरं वाड्यावर, म्हणजे रानातल्या मुक्कामावर, जाळीत कोंडलेली असतात. सकाळ-संध्याकाळ त्यांना आयांना प्यायला सोडायचं, आणि वेळ झाली की ती असा कालवा करतात की बहिऱ्यालाही उठावं लागतं. घड्याळ न कळणाऱ्या बानाबाईनं रामच्या गोळ्या त्या कालव्याला बांधून टाकल्या होत्या. पण वर्षभर नवऱ्याचं ऐकून ऐकून तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि ती विचारायची, एखादी राहिली असंल का गं? आता ती रडली, ताटली ओटीत धरून, आवाज न करता. दिपालीलाही रडू आलं. आईला हे सांगायला आपण फार उशीर केला, असं तिला वाटलं.

“आबाला मी आजच सांगते,” ती म्हणाली.

गंगापूरच्या जीपमध्ये दोघी दाटीवाटीनं बसल्या. निम्मी वाट सरल्यावर बानाबाई लेकीकडं वळली.

“त्या दिशी बाभळीवर कोण चढलं व्हतं?” तिनं एकदम विचारलं.

दिपालीला हे ठाऊक होतं. शेळ्यांसाठी मुंजाबा वरून फांद्या तोडत होता, राम खाली ओढत होता. वरून टाकलेली एक फांदी रामच्या पायावर आली होती, काटा तिचाच.

“आबा,” ती म्हणाली.

“गोळी चुकली नाय म्हणलं, की उरतो तो काटाच,” बानाबाई म्हणाली. रस्त्याकडंच्या उसाकडं बघत राहिली.

ऊस तुटून गेलेल्या एका रानात त्यांचा वाडा बसला होता. त्या पोचल्या तेव्हा मुंजाबा कळप घेऊन येत होता आणि जाळीत कोकरांनी आकांत मांडला होता. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, लेकीला कधी आलीस विचारलं आणि घागरीतून पेला भरून घेतला.

“कोकरं सोडा म्हणावं,” तो कुणाकडंच न बघता म्हणाला. “नायतर इसरायची सवय हायेच.”

दिपाली पुढं झाली. “आबा, मला तुमाला एक सांगायचंय.”

बानाबाईनं तिचा दंड धरला. तिला मागं ओढलं.

“इसरले व्हते मी,” बानाबाई नवऱ्याला म्हणाली. “कोकरं उशिरा सोडली एक डाव. रामची गोळी राहिली.”

मुंजाबाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. वर्षभर तो हेच म्हणत होता आणि वर्षभर ती नाय म्हणत होती. त्यानं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं, मग खाली ठेवलेल्या कुऱ्हाडीकडं. कोकरं ओरडतच होती. तो ढेकळात बसला, पेला तोंडाला न लावताच त्यातलं पाणी त्यानं मातीत ओतून दिलं.

“व्हतं माणसाकून,” तो म्हणाला आणि रिकामा पेला तिच्यापुढं धरला.

बानाबाईनं पेला भरून दिला. तो सगळं पाणी प्यायला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून दिपाली वळली आणि तिनं जाळी उचलली, तशी कोकरं तिच्या पायांतून धावत आपापल्या आईकडं गेली.