ब्रेकडान्स पाळण्याची दांडी

मी एक जुनी लोखंडी दांडी आहे. जत्रेत ब्रेकडान्सच्या पाळण्यात बसल्यावर तुमच्या मांडीवर जी आडवी येते, ती मी. मित्रांनो, लोक दिव्यांकडे बघतात, गाण्यावर टाळ्या पिटतात, पाळण्यावर रंगवलेल्या वाघाबरोबर फोटो काढतात. दांडीचा फोटो कुणी काढत नाही. नका काढू. वाघ कुणाला धरून ठेवत नाही, मी ठेवते.

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मडिवाळप्पा नावाच्या वेल्डरने मला तापवून वाकवलं आणि माप घ्यायला तो स्वतःच खुर्चीत बसला. माणूस कामाला पक्का, पण अंगाने काडी! त्याच्या मांडीला मी बसले, म्हणजे साऱ्या जगाच्या मांडीला बसेन, असं तो धरून चालला. शिंप्याने स्वतःच्या मापाचे सदरे शिवून गावभर वाटावेत, तशातली गत. बरं झालं की पाळण्याची मालकीण नीलाबाई तिथे उभी होती. ती चांगली भरल्या अंगाची. "मडिवाळप्पा, उठा, आता मी बसून बघते," म्हणाली. ती बसली आणि मी तिच्या पोटावर अडकले. तेव्हा माझ्या कडेला आणखी खाचा पाडल्या. एकेक खाच ओलांडताना मी 'कट' असा आवाज करते. अंगाला टेकले की मला ओढून बघायचं, आणि हलले नाही तरच पाळणा सोडायचा. एवढंच माझं शिक्षण. दुसरी शाळा मी बघितली नाही, आणि तिच्यावाचून माझं काही अडलंही नाही.

मग नांदेड, लोहा, लातूर, उदगीर, जिथे जत्रा तिथे मी. माणसं काय एकेक भेटली! लातूरच्या क्लासची उंच उंच पोरं गुडघे कानापाशी घेऊन बसायची. पोट सुटलेले दुकानदार श्वास रोखून पोट आत ओढायचे, मी 'कट' केलं की सोडायचे, आणि मग "दांडी लई टोचती" म्हणून मलाच नावं ठेवायचे. पोट तुमचं, श्वास तुमचा, दोष माझा! आणि आया तर विचारू नका. तिकिटाच्या खिडकीवर जे लेकरू पाच वर्षांचं असतं, ते माझ्यापाशी येईतो आठ वर्षांचं होतं. तरी मला सगळ्यांची माया वाटते. एवढ्या जणांना मांडीशी धरल्यावर वाटणारच.

पावसाळ्यात मात्र आमची कुणाला आठवण नसते. ताडपत्रीखाली पडून राहायचं, गंज धरायचा. नीलाबाई तेवढी येऊन ग्रीस लावते आणि हलवून बघते, म्हणून मी अजून उभी आहे.

गेल्या उन्हाळ्यात उदगीरजवळच्या एका जत्रेत बसम्मा आली. डाळीच्या दुकानाची मालकीण, अंगाने भारदस्त, बोलायला फटकळ. संगतीला लातूरहून सुट्टीला आलेली नात अंजू. पाळण्यापाशी उंचीची खूण केलेला बांबू असतो. अंजू त्या खुणेच्या बोटभर वर भरली. पण मित्रांनो, उंची पुरली म्हणजे अंग पुरलं असं नाही. पोरगी शेवग्याच्या शेंगेसारखी.

"आज्जी, तू बसली तरच मी बसते," अंजू म्हणाली.

"बसते की! मी काय भिते का?"

बसम्माने लेकराला आपल्या अंगाला घट्ट दाबून बसवलं. तिची तीच रीत. किल्लारीहून येणाऱ्या गच्च भरलेल्या जीपमध्ये ती तीन तीन नातवंडं अशीच कुशीत कोंबून आणायची. आपल्या अंगाचा आडोसा असला की लेकरू पडत नाही, हा तिचा पक्का हिशेब.

व्यंकटने, पाळणा चालवणाऱ्या गड्याने, मला खाली ओढलं. मी बसम्माच्या पोटाला टेकले आणि तिथेच थांबले. तिला मी घट्ट धरलं, पण अंजूच्या मांडीवर एवढी मोकळी जागा राहिली की डाळीचा डबा आरामात मावला असता. मी एकसंध लोखंड. अर्धी इकडे, अर्धी तिकडे वाकणार कशी? ब्रेकडान्स गरगर फिरतो, बसलेल्याला बाजूला फेकतो. मला दिसत होतं की पोर निसटणार. पण लोखंडाला तोंड कुठं असतं? रांगेतून आरडाओरडा चालला होता, व्यंकटचा हात बटणाकडे निघाला होता.

"व्यंकट, हात काढ तिथून!" नीलाबाई ओरडत आली. "आज्जे, पोरीला दुसऱ्या खुर्चीत बसवा."

बसम्माचा चेहरा लाल झाला. "का? माझ्या वजनानं मोडती का तुझी गाडी? तुपा-भाकरीनं कमावलंय हे अंग, फुकट न्हाई आलं!"

"माझं तरी कुठं फुकट आलंय? आपण दोघी एकाच मापाच्या. गाडीला काय होत न्हाई, आज्जे. पोरीचं बघून राहिले मी."

"मी धरते की तिला! चार लेकरं वाढवली या हातानं."

नीलाबाईने वाद घातला नाही. अंजूकडे वळून म्हणाली, "बाळा, जरा खाली सरक बरं."

अंजू सरकली आणि माझ्याखालून सर्रकन निघून फळीवर उभी राहिली. वर टाळ्या वाजवून हसली. मी बंदच होते. आजी आत अडकलेली, हात अजून नातीच्या रिकाम्या जागेभोवती तसाच.

"शिवा शिवा..." एवढंच बसम्मा बोलली. 

मग अंजूला नीलाबाईच्या लेकीशेजारी, ऋतुजाशेजारी बसवलं. दोघी सारख्याच बारीक, त्यामुळे तिथली दांडी दोघींच्या मांडीला नीट टेकली. बसम्मा माझ्या खुर्चीत मधोमध एकटी बसली. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी तिने पोलक्यात नीट खोचली, पाठ टेकवली, आणि मी एक खाच आणखी खाली आले. नीलाबाईने ओढून बघितलं. मी हलले नाही. पाळणा फिरला, तशी ती बाई दोन्ही हातांनी मला धरून अशी किंचाळली, अशी हसली, की गाणं ऐकू येईना.

उतरल्यावर ती घरी गेली नाही. रांगेच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एक जाडजूड गृहस्थ पोराला बगलेत घेऊन पुढे आला.

"ए बाबा, लेकराला वेगळं बसव!"

"आज्जे," व्यंकट कुरकुरला, "गिऱ्हाईक पळून जातील."

"जाऊ दे. धडधाकट राहिले तर परत येतील."

मित्रांनो, कुणी जाड असतं, कुणी बारीक, कुणी उंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मला तर सगळेच आवडतात. फक्त बसताना पोट आत ओढू नका आणि मला खाली ओढायची घाई करू नका. तुमच्या शेजारी लहान कुणी असेल, तर त्याच्या मांडीवर हात ठेवून बघा, मी तिथे टेकले आहे का. टेकले नसेन, तर उतरा. हसणारे हसू देत.

माया तुम्ही करा, धरून ठेवायचं काम माझ्याकडे द्या.