चाळणीखालचं बी

"अहो, पोत्यातलं बी कुठंय?"

तात्यांनी चाळण भिंतीला टेकवली. "निवडलं. दम नव्हता त्यात काही. सगळं खाली गळलं, दिलं पाल्याच्या ढिगात टाकून."

त्यांची बायको, जिला रोपवाटिकेत सगळेच मावशी म्हणत, पायरीवर मटकन बसली.

झऱ्याकाठच्या उंच, सरळ झाडाचं टपोरं बी तात्यांनी आयुष्यभर निवडलं होतं. रोपं दृष्ट लागावी अशी यायची, पण टेकडीवर एक उन्हाळा काढायची नाहीत. तात्या कधी शेळ्यांना बोल लावत, कधी खड्डे खणणाऱ्यांना. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं मावशी म्हणाल्या की दोन दिवस अबोला ठरलेला.

यंदा मावशी स्वतःच टेकडीवर गेल्या होत्या. माती वाहून गेलेल्या त्या उतारावर काही खुजी, वाकडी झाडं तग धरून होती. प्रत्येकाचं थोडंथोडं बी वेचून त्यांनी त्या पोत्यात ठेवलं होतं; एकाच आईची लेकरं एकाच दुखण्यानं जातात, असं त्यांचं म्हणणं. ती झाडं पुन्हा कधी बी धरतील, कोण जाणे.

"मुद्दाम केलंत?"

"नाही गं. हाताची सवय. बारीक दिसलं की..." तात्या थांबले.

ते खोटं बोलत नव्हते, हे मावशींना कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं.

"बारीकच असतं ते. खायला-प्यायला काय मिळतं तिथं त्या झाडांना? तरी उभी आहेत."

तात्या काठी टेकत ढिगाशी गेले. गुडघे वाकत नव्हते, तरी कसेबसे खाली बसले आणि पाल्यातून एकेक बी वेचू लागले. मावशींचा राग गेला नव्हता, पण ते बघवेना. सूप घेऊन त्याही शेजारी बसल्या.

"हे कुठल्या झाडाचं असेल?" तात्यांनी एक बी पुढे केलं.

"काय सांगणार आता? वरच्या घळीपाशी एक आहे. मुळं उघडी पडलीत त्याची."

"आणि उभंय?"

"उभंय."

तात्यांनी ते बी जपून सुपात ठेवलं.

दिवस कलला तरी सुपाचा तळ झाकला नव्हता. होतं तेवढं बी तात्यांनी फडक्यात बांधलं. मग उठता येईना, तेव्हा त्यांनी बायकोपुढे हात केला. असा हात त्यांनी कधी केला नव्हता. मावशींनी ओढून उभं केलं. दुसऱ्या हातातली पुरचुंडी तात्यांनी छातीशी धरली होती.