चार वाजून सतरा मिनिटांची किल्ली

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ चार वाजून सतरा मिनिटं दाखवत होतं. माझ्या मनगटावर अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

इतर कुणी कोपऱ्यात बघत नव्हतं. पडद्याच्या मधोमध निळ्या गोळ्यांचा ढीग फिरत होता. त्यातल्या खोबणीत एक पिवळा रेणू डुलत डुलत शिरला आणि चपखल बसला. खोलीतली चाळीस माणसं श्वास रोखून होती.

"तुमच्या शरीरातलं एन्झाइम म्हणजे कुलूप," पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला. लोक त्याला किल्लीवाले डॉक्टर म्हणत. कशाचे डॉक्टर, हे कुणी विचारलं नव्हतं. "टेबलावरच्या या डब्यात रक्ताचा थेंब टाका, संगणक तुमच्या नावाची किल्ली घडवतो." पडद्यावर आकडा उमटला, तसा तो पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडे वळला. " उणे अकरा पूर्णांक चार. म्हणजे आजोबा, तुमच्या संधिवातातून अकरा वजा. चाकू हवाय कशाला?"

संगणकावर औषधांचे रेणू असे बसवून बघायचं, हेच काम मी बारा वर्षं प्रयोगशाळेत करतेय. तो उणे आकडा म्हणजे रेणू खोबणीत किती घट्ट बसेल याचा नुसता अंदाज. त्यातून रोग वजा करणारा गणिती मी पहिल्यांदाच पाहिला.

शेजारी माझी ताई होती. तिच्या छातीत गाठ होती आणि शस्त्रक्रियेची तारीख तिने तीनदा पुढे ढकलली होती. मी एक चिठ्ठी लिहून तिच्या मुठीत दिली. "तुझा आकडा. नंतर उघड."

"मोठी आलीस ज्योतिषी," ती पुटपुटली.

तिचा थेंब डब्यात पडला. रेणू डुलला, बसला. ताईने चिठ्ठी उघडली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे. दोन्हीकडे उणे अकरा पूर्णांक चार.

"डॉक्टर, आजोबांचे गुडघे आणि माझी गाठ, दोन्हींना एकच किल्ली?"

"शंका घेतली की संगणकही रुसतो, बाई."

"रुसलाय कुठे? पाढा म्हटल्यासारखं तेच तेच बोलतोय."

मी उठले. "आता थेंब न टाकता संगणकाचं बटण दाबा."

त्याने हात कोटाच्या खिशात घातले. आजोबांनीच कण्हत वाकून डबा उचलला. त्याची वायर टेबलाखाली नुसती लोंबत होती. त्यांनी संगणकाचं बटण दाबलं. रेणू डुलला. उणे अकरा पूर्णांक चार. कोपऱ्यात चार वाजून सतरा.

"ही फिल्म आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे नवशिक्यांना पहिल्या दिवशी देतात तो सरावाचा धडा. चित्रित करताना कोपऱ्यातलं घड्याळ झाकायचं राहिलं. पडद्यावर छान बसणारे बहुतेक रेणू परीक्षानळीतच नापास होतात. उरलेले पेशींवर, प्राण्यांवर, मग माणसांवर तपासतात. त्यात वर्षं जातात. माझा एकही रेणू अजून औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेला नाही. दोन मिनिटांत औषध देणारा भेटला, तर आधी विचारा, हे कुणावर तपासलं आणि किती जण बरे झाले?"

आजोबांनी तेच विचारलं. पांढऱ्या कोटातला माणूस संगणक पिशवीत भरू लागला.

बाहेर पायरीवर ताई चिठ्ठीच्या घड्या घालत बसली.

"सर्जनना फोन लाव," ती म्हणाली. "मिळेल ती पहिली तारीख घे. मी गाठ काढून घेतेय."