तेओफिलाच्या जीपचा लाल दिवा

नवी बॅटरी घालूनही जीपमधला बॅटरीचा लाल दिवा विझेना. भाच्यानं, निकानोरनं, नवी बॅटरी लंपास करून जुनीच बसवली, असा संशय तेओफिलाला आला. आता गाडीला त्याचा हात लागू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलंच.

"माझी बॅटरी कुणाला दिलीस रे?"

"मावशी, ही नवीच आहे. इंजिन चालू असूनही ती चार्ज होत नाहीये." त्यानं इंजिन बंद करून डायनामोच्या बेल्टवर बोट फिरवलं. ते तेलकट झालं. "हे काय चोपडलंस?"

"गुड फ्रायडेला वैदूनं कढवलेलं औषधी तेल. बेल्ट कुरकुरत होता."

"म्हणून तो घसरतोय आणि डायनामो नीट फिरत नाहीये. तेल गुडघ्याला लाव."

तेओफिलानं तेलाची बाटली उन्हात धरून निरखली.

"आमच्या लहानपणी या तेलानं सगळं बरं व्हायचं," ती म्हणाली. "वैदूनंच भेसळ केलेली दिसते."