जुन्या कार्डाची चाळीस मिनिटं

शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना, तेव्हा तिने स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. स्क्रू निघाला. कॉम्प्युटरच्या पेटीतून जुनं ग्राफिक्स कार्ड धुळीसकट बाहेर आलं आणि त्या जागी ऑफिसने पाठवलेलं नवं कार्ड तिने खाचेत दाबलं. चांगलं विटेएवढं जाड होतं ते.

"हळू," पलंगावर उशीला टेकून बसलेले वडील म्हणाले.

वडिलांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. 'हळू', 'हो' आणि आणखी चार-दोन शब्द तेवढे उरले. भूक लागली तरी हळू, पंखा नको असला तरी हळू. कुठल्या 'हळू'चा काय अर्थ ते तिला आता न विचारता कळायचं.

ती न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची. भिंती, सोफे, काचा ती मांडून द्यायची. मग कुठे किती उजेड पडेल आणि कुठे सावली, याचा हिशेब कार्ड करत बसायचं. जुन्या कार्डाला एका चित्रासाठी चाळीस मिनिटं लागत. एरवी ती खुर्चीवर आहे की नाही यावर ऑफिसच्या सॉफ्टवेअरचा डोळा असे, पण चित्र तयार होत असताना उठायची मुभा होती. त्या चाळीस मिनिटांवरच तिचा दिवस उभा होता. बटण दाबायचं आणि पलंगाशी जाऊन वडिलांच्या उजव्या हाताचं एकेक बोट उघडायचं, मिटायचं, मनगट फिरवायचं.

"हात परत यायचा असेल तर तो याच चार-सहा महिन्यांत येईल," व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "दिवसातून एकदा तासभर करून उपयोग नाही. थोडं थोडं, पण सात-आठ वेळा व्हायला हवं."

भाऊ लांब होता. तो फोनवरून सल्ले देई. शेजारच्या काकू वेळेला जेवणाचं ताट आणून देत, पण त्या हाताला शिवायला घाबरत. "मोडलंबिडलं तर बाई?" म्हणत.

आणि आता ही चाचणी. तिच्यासारख्या घरून काम करणाऱ्या चौघांना ऑफिसने नवी कार्डं पाठवली होती. एकच चित्र आधी जुन्या कार्डावर करायचं, मग नव्यावर, आणि वेळ कळवायची. फरक मोठा निघाला तर रोजची चित्रं वाढणार होती.

जुन्याची वेळ सकाळीच घेऊन झाली होती. तिने नव्यावर चित्र लावलं, वडिलांजवळ येऊन बसली, अंगठा हातात घेतला, अजून मधल्या बोटापर्यंत पोचलीही नव्हती तर कॉम्प्युटर वाजला. तिला वाटलं, काहीतरी बिघडलं. जाऊन बघितलं तर चित्र पुरं झालेलं. सोफ्याखालची सावली जुन्यापेक्षाही नितळ उतरली होती.

वडिलांनी भुवया उंचावल्या.

"झालं," ती म्हणाली. "मेलं सहा मिनिटांत झालं."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस ते फार मन लावून बोलतो. तिने सेटिंगमध्ये जाऊन कार्डाला मिळणारी वीज कमी केली, पेटी भिंतीला टेकवली आणि गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर चादरीची चौपदरी घडी टाकली. कार्ड तापलं की जळू नये म्हणून आपणहून धिमं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"हँडब्रेक ओढून गाडी चालवतेय, बाबा."

वडील अर्ध्या तोंडाने हसले. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक दाबावा तसा त्यांचा डावा पाय गादीवर दाबला गेला.

चौतीस मिनिटं लागली. 'फरक किरकोळ आहे, खर्च परवडणारा वाटत नाही,' असं तिने कळवून टाकलं. पुढचे दोन दिवस फार बरे गेले.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. वडिलांना भरवत होती म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

"तुमची वेळ बघितली. बाकी तिघांचं सहा-सात मिनिटांत होतंय हो."

तिने चमचा ताटलीत ठेवला.

"मला वाटलं कार्डच खराब आलं. पण आमचा इंजिनिअर म्हणाला, घरात वीज नीट मिळत नसली की असं होतं. तुमच्याकडे व्होल्टेजचा त्रास आहे का?"

नाही म्हणावं, तर मग चौतीस मिनिटं आली कुठून?

"असतो कधीकधी," ती म्हणाली.

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत? सोमवारपासून ऑफिसलाच या. तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलंय. मशीन न्यायला गाडी पाठवतो."

"सर, घरी वडील असतात..."

"माहीत आहे ना. म्हणूनच म्हणतो, उशिरापर्यंत थांबवणार नाही. सातला सुटलात की सरळ घरी."

माणूस मनापासून बोलत होता, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खरं कळवलं असतं तर निदान सहा-सहा मिनिटं तरी घरात राहिली असती. नोकरी सोडायचा विचारही करण्यात अर्थ नव्हता. घर त्याच पगारावर चालत होतं.

"थँक यू, सर," ती म्हणाली.

ऑफिसात इंजिनिअर पेटी उघडून बघणार, म्हणून तिने कार्डाची वीज पूर्ववत केली, चादरीची घडी काढून कपाटात ठेवली, कामाचं चित्र लावलं आणि पलंगावर जाऊन बसली. हात हातात घ्यायला गेली, तर वडिलांनी डाव्या हाताने तिला थांबवलं. उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि चढावर गाडी थांबवलेल्या शिकाऊ माणसाकडे बघावं तसे ते त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग अंगठा आत वळला. पुरता नाही, थोडासाच. ते थांबले, दम घेतला आणि तिला योगायोग वाटू नये म्हणून त्यांनी तो पुन्हा वळवून दाखवला.

मागे कॉम्प्युटर वाजून गेला होता. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

तिने त्या हातावर कपाळ टेकलं. तिला आनंद झाला होता, अगदी खराखुरा, आणि त्याच वेळी सोमवार आठवला होता. वडिलांनी डाव्या हाताने तिचं डोकं वर केलं. ते शब्द शोधत होते. ओठ नुसतेच हलत होते. एरवी ती शब्द पुरवायची. आज थांबली.

"रोज," ते म्हणाले. मग डावा हात स्वतःच्या छातीला लावला, त्याची पाच बोटं दाखवली, आणि वर आणखी तीन. "रोज."

"हो, बाबा," ती म्हणाली. "रोज."