चिमणीचा खांदा आणि मी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी बास्केटबॉलच्या हॉलमधला एक जुना, लांब दांड्याचा झाडू आहे. फुशारकी मारायला मी बोलत नाही. मला लाज वाटते, म्हणून बोलतोय.

नवा होतो तेव्हा काय माझा थाट! सफाईवाल्या मावशी रोज सकाळी मला घेऊन हॉलची लाकडी जमीन लख्ख करायच्या. "पोरं घसरत नाहीत ती ह्याच्यामुळे," असं कौतुकानं म्हणायच्या. तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर बरं झालं असतं. पण मानाची हाव वाईट.

संघात बारा वर्षांची एक मुलगी होती. चणीनं लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. उंच मुली तिचा बॉल हवेतच अडवायच्या. एके दिवशी सरांनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांनी, मला तिच्यासमोर उंच धरलं. म्हणाले, "ही सहा फुटी पोरगी आहे असं समज. हिच्यावरून टाक बास्केटमध्ये."

पहिल्या दिवशी बॉल माझ्या तोंडावरच आपटला. आठवड्याभरात तो माझ्या डोक्यावरून जायला लागला. सर खूश, चिमणी खूश, आणि मला तर स्वर्ग दोन बोटं उरला! काल केरकचरा ओढणारा मी आज खेळाडू घडवत होतो.

मग सर मला रोज थोडं थोडं वर धरू लागले, तिला न सांगता. मनगटाचा जोर पुरेना, तशी ती खांद्याला हिसका देऊन बॉल फेकू लागली. सरांचं लक्ष बॉलकडे असायचं. मला मात्र समोरून तिचा चेहरा दिसायचा. बॉल सोडताना ती डोळे घट्ट मिटायची. मला कळत होतं, मित्रांनो. तरी मला आणखी वर जायचंच होतं.

मावशींनी मात्र ओळखलं. "सर, पोरगी हल्ली डाव्या हातानं केस विंचरते. उजवा हात वर जात नाही तिचा."

"मावशी, तुम्ही तुमचं काम बघा," सर म्हणाले. चार दिवसांवर शहराच्या संघाची निवड होती. त्या निवडीसाठीच तर चिमणी दोन वर्षं घाम गाळत होती.

निवड आमच्याच हॉलमध्ये झाली. चिमणीचा पहिला बॉल बास्केटपर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्या वेळी हातच उचलला गेला नाही. ती खांदा धरून मटकन खाली बसली. डॉक्टरांनी सहा महिने खेळ बंद केला.

तिचे बाबा सरांना एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर सोडली होती हो पोर." मला दांड्यासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवसापासून सरांनी मला हात लावला नाही.

सहा महिन्यांनी चिमणी परत आली. "चूक माझी होती, बाळा," सर म्हणाले आणि तिला अगदी जवळून, हलकेच बॉल टाकायला लावला. चौथ्या बॉलला तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दुखतंय का गं?"

"नाही सर!" ती झटकन म्हणाली. "अजून टाकू?"

सरांनी तिच्या हातातला बॉल काढून घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, खांदा डॉक्टर आज ना उद्या बरा करतील. पण हे 'नाही सर' आम्ही दोघांनी शिकवलं तिला, आणि ते कसं विसरायला लावायचं, हे सरांनाही ठाऊक नाही. म्हणून पाया पडून सांगतो, दुखलं की दुखतं म्हणा, संघातून नाव गेलं तरी चालेल. आणि शिकवणाऱ्यांनो, बॉल कुठं पडतो ते मागाहून बघा. आधी पोराच्या तोंडाकडे बघा.